डावऱ्याचा दुसरा भाग

सिनेमाचा तंबू उठून गेला की बाजारच्या मैदानात मेखांची भोकं तेवढी राहतात. परवा संध्याकाळी देवीच्या टेकडीवरून उतरताना मी त्या भोकांपाशी थोडी थांबले. शेंगांची टरफलं, तिकिटांचे गुलाबी कपटे, जिथं इंजिन उभं असतं तिथं तेलाचा काळा डाग. दोन बकऱ्या टरफलं हुंगत फिरत होत्या. तंबू आता जांबला पोचला असेल, रामनवमीच्या जत्रेत, आणि तिथल्या बायका पहिल्या खेळाला पूजेचं सामान बाजूला सारून निघाल्या असतील.

अंबडात सुगी ज्वारीनं सुरू होते आणि तंबूनं संपते. खळी उरकतात, कडब्याच्या गंजी रचून होतात, रस्त्यांवर बैलगाड्यांतून गळालेली पाती वाऱ्यानं इकडेतिकडे सरकत राहतात. ऊन अजून चावत नाही, पण दुपारी पायाला माती गरम लागू लागते. आणि मग एके दिवशी भोंगा बांधलेली गाडी गल्लीत येते. गाडीच्या दोन्ही अंगांना चित्रांचे कागद डकवलेले असतात आणि आत बसलेला माणूस घसा खरवडून ओरडत असतो. मी हैदराबादेला मामांकडे राहून मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकत होते, तेव्हा या दिवसांत सुटी काढून घरी येण्यासाठी दरवर्षी पोटदुखी, डोकेदुखी काहीतरी शोधत असे. मामा हसून मोटारीत बसवून देत. त्यांना ठाऊक होतं, दुखणं अंबडच्या मैदानात उभं असतं.

ज्या चित्राची ही गोष्ट, त्याचा पहिला भाग आला तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. राज्य गेलं तरी रीत जायला वेळ लागतो. तंबूत तेव्हा बायकांची जागा पडद्याच्या मागं असे. पडदा मधोमध टांगलेला, पुढं पुरुष आणि यंत्र, मागं कनातीनं वेढलेला जनाना. खेळ सुरू होण्याआधी एक माणूस पिचकारीनं पडदा ओला करी, म्हणजे चित्र आरपार दिसे. ओल्या मांजरपाटाचा तो वास, त्यात इंजिनाच्या धुराचा आणि बायकांच्या डोक्याच्या तेलाचा वास मिसळलेला, आजही मला कुठं धुणं वाळत असलं की येतो. मग मी उगाच दोरीजवळ रेंगाळते.

आम्ही चौघी जात असू. आई, आमच्या शेजारच्या सुगनाभाभी, गोदाआत्या आणि मी. भाभींचं घर कापडाच्या व्यापाऱ्याचं. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून इथं आले आणि इथलेच झाले. भाभी बोलत मराठी, पण राग आला किंवा हसू आलं की त्यांची जीभ घसरून हिंदीत जाई. गोदाआत्या ही माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. ती आमच्याकडेच असे, कारण ती डावरी होती.

हे कारण लहानपणी मला पुरेसं वाटे. लहान असताना तिचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून ठेवत, असं आईनं मला सांगितलं होतं. हात सुटला की पुन्हा तिकडंच जाई. लग्न झालं, सासरी पहिल्याच सणाला पंगत बसली आणि हिनं वरण डाव्या हातानं वाढलं. पाहुणे पानावरून उठले. सासूनं तिला माहेरी धाडलं आणि निरोप दिला, वळण लावून पाठवा. वळण लागलं नाही, आणि न्यायलाही कोणी आलं नाही. पुढं तिथं दुसरी सून आली.

आमच्या घरी तिला कोणी बोलत नसे. भाकऱ्या तीच थापायची, डाव्या हातानं, आणि तिच्यासारखी पातळ, कडेला न चिरणारी भाकरी सगळ्या गल्लीत कुणाची नव्हती. त्या भाकऱ्या सगळे आवडीनं खात. फक्त जेवायला ती सगळ्यांच्या मागून बसे, चुलीजवळ, भिंतीकडं तोंड करून. मी तिची पाठ पाहत असे. कोपर हलताना दिसे, हात दिसत नसे. हात दिसू नये म्हणूनच ती तशी बसत होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तर ते चित्र. विनोदी होतं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण आमच्या कुणाच्या तोंडी ते नाव कधी बसलंच नाही. सुरुवातीला नावांची पाटी आली तशी पुढची एक बाई माझ्याकडं वळली. “काय गं, इंग्रजी शाळंत जातीस ना? वाच बरं काय लिवलंय ते.”

मी पाहिलं. अक्षरं इंग्रजी होती, पण सगळी पालथी. खाली हिंदी होतं, तेही पालथं. “उलटं आहे,” मी म्हटलं.

“एवढी शाळा शिकून वाचता येईना!” ती बाई म्हणाली आणि अख्खा जनाना हसला. मी आईच्या पदराआड गेले. गोदाआत्यानं माझी बाजू घेतली. “हसायचं चित्र हाय. पाटीबी उलटीच लावली आसंल मेल्यांनी.” हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. लाजाळू माणसाला एकदा हसलं की तो आपलं पाहिलेलंही मागं घेतो.

चित्राची गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. एक बावळट माणूस, डोक्याला मोठी झालेली टोपी, मुलगी पाहायला जातो. त्याला सासरे जेवायला बसवतात. एकट्यालाच. समोर ताट, भोवती सासरची माणसं हात बांधून उभी. तो बाह्या मागं सारतो, बोटं उडवतो आणि डाव्या हातानं जेवायला लागतो. श्रीखंडात पापड बुडवतो, मिशीला कढी लावून घेतो. जनाना गडाबडा लोळत होता. भाभी “हाय राम, मेरा पेट!” म्हणत आईच्या मांडीवर आडव्या झाल्या होत्या. मी आत्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून पडद्याकडं बघत होती, आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, “कुणी काय म्हनंना त्याला.”

खरंच कोणी काही म्हणत नव्हतं. सासरे पुढं होऊन आणखी श्रीखंड वाढत होते. मग लग्न झालं, टांग्यात बसून तो बायकोला घेऊन निघाला, वळून टोपी हलवत ओरडला की मी परत येणार आहे. पुन्हा पालथी पाटी. पुरुषांच्या बाजूनं आलेल्यांनी नंतर सांगितलं, तिच्यावर लिहिलं होतं की दुसरा भाग लवकरच.

आता विचार करते तेव्हा आठवतं, त्या पडद्यावर डावरा तो एकटाच नव्हता. दारातला शिपाई डाव्या हातानं सलाम ठोकत होता. भटजी डाव्या हातानं अक्षता टाकत होते. पण आमचे डोळे त्या एका ताटावर खिळलेले. दुसऱ्याच्या हाताकडं कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी, आई आणि अण्णा जेवायला बसलो होतो. अण्णा अंबडच्या कोर्टात वकील, रविवार असला की सावकाश जेवत. गोदाआत्या आपलं ताट घेऊन आली आणि आईच्या शेजारी, आमच्याकडं तोंड करून बसली. भाकरी मोडली ती डाव्या हातानं.

“वन्सं,” आई हळूच म्हणाली. 

“चित्रातल्या जावयाला चालतंय, मला का न्हाई?”

अण्णांनी मान वर केली. “कोणता जावई? कालचा टोपीवाला? तो बिलकुल उजव्या हातानं जेवला.”

“डाव्या.”

“गोदे, मी समोर बसून पाहिलंय.”

“बाप्यांनी कदी ताटाकडं बघितलंय का, दादा? तुमी बिड्या वढत बसले आसाल.”

अण्णा विडी ओढत नसत, पण ते हसले. आईला हसू आलं. मीही हसले. हसण्याच्या भरात भाकरी संपली, ताक वाढलं गेलं, आणि जेवण उरकल्यावर लक्षात आलं की आत्या पंगतीला बसून जेवली आहे आणि छपराचं एक कौलही खाली आलेलं नाही. त्यानंतर ती रोज तशीच बसू लागली. पाहुणे असले तरी. कोणी भुवया उंचावल्या तर आई म्हणे, “आमच्या वन्सं म्हणजे त्या चित्रातल्या डावऱ्या,” आणि पाहुणेही हसत. त्या सुगीत कितीतरी घरांत नवराबायको या एका हातावरून भांडले असतील. बायका म्हणत डावा, पुरुष म्हणत उजवा. कुणाचं खरं हे ताडून पाहायला तंबू कुठं जागेवर होता? तो पुढच्या गावाला गेलेला.

मला वाटतं, घरात वाद घालून, रडून, व्रत करून जे झालं नसतं ते त्या बावळट माणसाच्या श्रीखंडानं केलं. आमच्या शाळेत एक डावरी मुलगी होती. सिस्टर तिच्या बोटांवर पट्टी मारत, अगदी शांतपणे, जणू कपड्यावरची धूळ झटकताहेत. मी मधल्या सुटीत तिला सांगितलं की आमच्या गावच्या सिनेमात एक डावरा जावई आहे. तिला इतकं हसू आलं की तिनं रुमाल तोंडात धरला.

मग वाट पाहणं सुरू झालं. दरवर्षी भोंग्याची गाडी आली की आत्या पिठाच्या हातानं ओसरीवर येई. “अवो, डावऱ्याचा दुसरा भाग आला का?”

“पुढल्या साली, बाई.”

“कवाचा वाट बघाया लावून राह्यलाय मेला. पोरं झाली आसतील की त्याला आता!”

एका सुगीला तंबूचा मालक बदलला. नव्या मालकानं जनाना पुढं आणला, मधे नुसती दोरी बांधली. आम्हाला नवी सतरंजी मिळाली. पुढं भाषेप्रमाणे राज्यं झाली, अण्णांच्या कोर्टातली उर्दू हळूहळू मराठी झाली, मोटारींचे रंग बदलले. मी परकर सोडून पाचवारी साडीत आले. शाळा संपली, आणि मी पोटदुखीचं कारण न काढता कायमची घरी आले. तंबू यायचा, रडकी चित्रं यायची, देवादिकांची यायची, तलवारींची यायची. तो नट आमच्याकडं कुठल्याच चित्रात परत दिसला नाही. आत्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले. पण भोंगा वाजला की ती ओसरीवर येऊन तेच विचारी, आणि गाडीतला माणूसही तिला ओळखून लांबूनच हात हलवी.

यंदा माघात बातमी आली की जालन्याच्या थेटरात दुसरा भाग लागला आहे. तंबूत येईपर्यंत धीर कुठला? भाभींनी आपल्या यजमानांकडून परवानगी काढली, आईनं शिदोरी बांधली, आत्यानं पेटीतलं जांभळं लुगडं काढलं. आई घरीच राहिली; सकाळच्या मोटारीनं भाभी, आत्या आणि मी निघालो. वाटभर शेतांत कापलेल्या ज्वारीचे बुडखे उभे होते आणि खिडकीतून येणारी धूळ गोड लागत होती. आत्या एरवी मोटारीत डोळे मिटून बसते. त्या दिवशी ती सारखी बाहेर बघत होती.

थेटरात खुर्च्या होत्या. डोक्यावर पंखे होते. आम्ही पहिल्यांदाच अशा टेकून बसलो होतो. पडदा पांढराशुभ्र आणि कोरडा. पाटी आली, सरळ, आणि मी ती आत्याला भाभींच्या देखत वाचून दाखवली, नावांसकट. त्यात मला जो आनंद झाला त्याची आता लाज वाटत नाही, गंमत वाटते.

तो आला. जाड झाला होता. टोपी आता डोक्याला बरोबर बसत होती, तिथंच काहीतरी बिघडलं. तो पूर्वी फारसा बोलत नसे, आता बोलायचा थांबत नव्हता. मुलांना उपदेश करत होता. जुन्या गमती एकेक करून पुन्हा आल्या, पण तोंडपाठ कविता म्हणणाऱ्या मुलासारख्या, शेवटाकडं नजर ठेवून. लोक सुरुवातीला जुन्या ओळखीनं हसले, मग खोकू लागले. मला वाटतं, हसवणारा माणूस इतक्या वर्षांनी परत येतो तेव्हा तो एकटा येतो. ज्या वयात आपण हसलो होतो ते वय त्याला बरोबर आणता येत नाही. पण हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी फक्त आत्याकडं बघत होते.

मग ताट आलं. मुलीच्या सासरी व्याही म्हणून त्याला जेवायला बसवतात. तेच श्रीखंड, तोच पापड. आत्या खुर्चीत पुढं सरकली. त्यानं बाह्या मागं सारल्या, बोटं उडवली आणि उजव्या हातानं जेवायला सुरुवात केली.

“अरे! ये तो सीधे हाथ से खा रहा है!” भाभी मोठ्यानं म्हणाल्या. मागून कोणी तरी शुक् शुक् केलं. “गोदाबाई, हा तो न्हाईच. दुसराच कोणीतरी आणून बसवलाय.”

 आत्या हळूहळू मागं टेकली.

मोटारीच्या अड्ड्यावर निंबाखाली आम्ही शिदोरी सोडली. आत्यानं भाकरी उजव्या हातात घेतली. तिला ती मोडेना. चटणी लुगड्यावर सांडली, ती झटकून तिनं पुन्हा उजव्याच हातानं घास केला. भाभी चित्रवाल्यांना शिव्या देत होत्या, म्हणून त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. मला विचारायचं होतं, पण असे प्रश्न माझ्या तोंडून वेळेवर निघत नाहीत. तीच म्हणाली, दूर उभ्या मोटारीकडं बघत, “त्यालाबी वळण लावलं शेवटी.”

घरी आल्यावर ती पंगतीला बसली नाही. चुलीजवळ, भिंतीकडं तोंड करून. फरक इतकाच की आता पाठीमागून हलणारं कोपर उजवं होतं. आई म्हणाली, थकल्या असतील वन्सं. अण्णा एकदोनदा म्हणाले, “गोदे, इकडं ये की.” ती “हं” म्हणाली आणि उठली नाही. भाकऱ्याही उजव्या हातानं थापू लागली. त्या जाड होत, कडेला चिरत.  आम्ही त्या खाल्ल्या, आणि मला दर घासाला त्या टोपीवाल्याचा राग येई. चित्र वाईट निघालं तर माणूस दोन दिवस हळहळतो. इथं आमच्या घरातलं एक माणूस उलटं चालत पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसलं होतं.

फाल्गुन सरता सरता तंबू आला, आणि तेच चित्र घेऊन आला. गाडीतला माणूस आमच्या ओसरीसमोर मुद्दाम थांबला. “बाई! तुमचा दुसरा भाग!” आत्या बाहेर आली नाही. भाभींनीच तिला ओढून नेलं, दुसरं काही करायला नाही म्हणून. आम्ही दोरीअलीकडं सतरंजीवर बसलो. पाटी लागायच्या आत पाणी प्यावं म्हणून मी उठले. माठ पडद्याच्या मागं, कनातीपाशी. तिथं आता तान्ह्या मुलांच्या चारदोन आया तेवढ्या बसतात, मूल रडलं तर कुणाला त्रास नको म्हणून. मी पेला तोंडाला लावला आणि समोर पाहिलं. पडद्यावर अक्षरं आली होती. सगळी पालथी.

“एवढी शाळा शिकून वाचता येईना.” इतक्या वर्षांनी तो जनाना माझ्या कानात पुन्हा हसला. या खेपेला मी पाहिलेलं मागं घेतलं नाही. पण पेला हातात तसाच राहिला.

सांगायचं कसं ते मला कळेना. सांगितलं तर तिचा डावरा पुसून टाकल्यासारखं होणार, कालचा आणि आजचाही. न सांगितलं तर भिंत होतीच. मी सतरंजीवर परत आले, तिच्या शेजारी बसले आणि ताटाचा प्रसंग जवळ येईपर्यंत थांबले. मग तिचा हात धरला. “आत्या, जरा चल माझ्याबरोबर.”

“कुठं गं?”

“आपल्या जुन्या जागी.”

आम्ही माठाजवळ खाली बसलो. तसाच ओला वास. पडद्यावर तो बाह्या सारत होता. बोटं उडवली आणि डाव्या हातानं जेवायला लागला. आत्यानं माझा दंड घट्ट धरला. मग दारातला शिपाई आला, डाव्या हातानं सलाम केला. व्याह्यानं डाव्या हातानं वाढलं. विहिणीनं डाव्या हातानं पदर सावरला. आत्या एकेकाकडं बघत होती. ती शिकलेली नाही, पण तिला हात वाचता येतात.

“म्हंजे तवा आपुन हितंच बसल्तो,” ती म्हणाली.

“हो.”

“अन् तो आदीपासून उजवाच?”

“हो, आत्या.”

“दादाचं बराबर होतं?”

मी मान हलवली. पडद्यावर तो उपदेश करत होता, तंबू कंटाळून गप्प झाला होता, कुठं तरी शेंग फुटल्याचा आवाज येत होता. आत्यानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. तिचे खांदे हलत होते. मग पदर सुटला आणि ती हसली, मोठ्यानं, त्या पहिल्या खेळाला हसली नव्हती ते सगळं धरून. तान्ही मुलं दचकली. पुढच्या बाजूला लोकांना कळेना, की पडद्यामागं कोण हसतंय आणि कशाला. मला वाटतं त्या दुसऱ्या भागाला अंबडात मिळालेलं खरं हसू तेवढंच.

“मंग इतकी वर्सं,” ती डोळे पुसत म्हणाली, “मी कुनाच्या भरवशावर जेवले गं?”

  घरी जाताना भाभी वाटभर म्हणत होत्या की पैसे फुकट गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही पानावर बसलो. टोपलीतली वरची भाकरी पातळ होती, कडा अखंड. गोदाआत्या ताट घेऊन आली आणि आईच्या शेजारी, आमच्याकडं तोंड करून बसली.

अण्णांनी भुवई वर केली. “काय गोदे, सुधारला वाटतं तुझा जावई? पुन्हा डावरा झाला?”

“न्हाई दादा,” ती म्हणाली. “उजवाच हाय तो. पयल्यापासून.”

आणि तिनं डाव्या हातानं भाकरी मोडली.